हौदापासून पाणी पंचायतीपर्यंत



उन्हाळा आला की कालव्याच्या टेलला राहणाऱ्या आपण एकमेकींना एकच विचारतो : आवर्तन कधी सुटणार? मग पुण्याला नावं ठेवणं ओघानं आलंच. आज त्याच पुण्याच्या पाण्याची जुनी हकीकत ऐकू या.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळानं शहरात पाणी आणलं. पंप नव्हता. उतारानंच पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत यायचं. हौद ते घर मात्र घागर बाईच्या कमरेवर. त्यामुळे घराला किती पाणी लागतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पण दारात हौद असला तरी पाणी सगळ्यांचं नव्हतं. अस्पृश्य मानलेल्यांना तिथं मज्जाव होता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पाणी आणणं एक आणि वाटणं दुसरं, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढे मुठेवर खडकवासल्याचं धरण झालं, १८७९ मध्ये. शहराची तहान आणि कालव्याखालची शेती, दोन्ही त्यावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. नळ कोरडे पडले, तेव्हा पुणेकरांना जुन्या विहिरी आणि हौद आठवले. मग पानशेत पुन्हा बांधलं, वरसगाव झालं, टेमघर झालं. आज चारही धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. तरी शहर आणि दौंड-इंदापूरची शेती यांच्यातली ओढाताण काही सुटली नाही. साठा वाढला, तशी मागणीही वाढत गेली.

मागणीलाच हात घातला तो आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या नायगावात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर ठरायचा : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही.

ऊस नाही म्हणणं सोपं नव्हतं, हे आपण जाणतो. रोख पैसा कुणाला नको असतो? पण एकाचा ऊस म्हणजे चार घरांची ज्वारी-भाजी, हा हिशेब सगळ्यांसमोर मांडला गेला.

शहरानं पाणी जपून वापरावं, हे आपण ठणकावून सांगायचंच. पण आपल्या शिवारातली विहीर किती जणांची आणि तिच्यातलं पाणी कुणाच्या पिकाला जातं, हेही विचारायला हवं. येत्या बैठकीत गटाच्या वहीत दोनच गोष्टी लिहू : विहिरीला पाणी किती हात आहे आणि त्यावर माणसं किती. रब्बीला काय पेरायचं, ते त्यानंतर ठरवू.