दूरचे युद्ध आणि हातातला मोबाइल : बातमी तपासून घेण्याची पद्धत

१३ एप्रिल २०२४. नवी मुंबईतल्या विहारांत आणि चौकांत जयंतीची तयारी सुरू होती. त्याच दिवशी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डचे कमांडो हेलिकॉप्टरमधून 'एमएससी एरीज' या कंटेनर जहाजावर उतरले आणि त्यांनी जहाज ताब्यात घेतले. हे जहाज आपल्या न्हावा शेवा बंदराकडे निघाले होते. जहाजावर २५ जण होते, त्यांतले १७ भारतीय. त्याच रात्री, आपल्याकडे १४ एप्रिल उजाडल्यावर, इराणने इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. जयंतीच्या शुभेच्छांबरोबरच मोबाइलवर स्फोटांचे व्हिडिओ येऊ लागले.

युद्ध दूर असते, पण त्याची झळ दूर नसते. न्हावा शेवा हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. नेरूळला टी. एस. चाणक्यमध्ये बोटीवरचे अधिकारी घडतात. या भागात जहाजावर, आखातात किंवा युरोपात नोकरी करणारा कोणी ना कोणी ओळखीचा असतोच. त्यामुळे युद्धाची बातमी नीट वाचता येणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे कामच आहे. एक खोटा फॉरवर्ड एखाद्या आईची झोप उडवतो, आणि दुसरा एखाद्या तरुणाच्या मनात कोणाविषयी तरी द्वेष पेरतो.

बातमीचे तीन थर

युद्धाच्या प्रत्येक बातमीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : दावा, दुजोरा आणि अर्थ. कोणीतरी काही सांगतो, तो दावा. त्या पक्षाशी संबंध नसलेला दुसरा कोणी तेच स्वतंत्रपणे सांगतो, तो दुजोरा. त्यावरून 'आता तिसरे महायुद्ध होणार' असे जे बोलले जाते, तो अर्थ. चॅनेलवर बहुतेक वेळा पहिला आणि तिसरा थरच दिसतो. मधला थर गायब असतो.

उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात भारतीय विद्यार्थी अडकले होते. युक्रेनने या विद्यार्थ्यांना ओलीस धरले आहे, असे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितले. युक्रेनने ते नाकारून रशियाकडे बोट दाखवले. दोन्ही बातम्या इथे ठळक मथळ्यांनी पोचल्या. ३ मार्चला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की, विद्यार्थ्यांना ओलीस ठेवल्याची कोणतीही माहिती आपल्याकडे आलेली नाही. लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी केले ते दावे. तिथल्या विद्यार्थ्यांशी संपर्कात असलेल्या तिसऱ्या यंत्रणेचे म्हणणे दुजोऱ्याच्या अधिक जवळचे होते. पुढे 'ऑपरेशन गंगा'तून सुमारे २२,५०० भारतीय परत आले.

म्हणून पहिला प्रश्न एकच : हे कोण सांगतो, आणि त्याला हे कसे माहीत? वाक्यात 'सूत्रांनुसार', 'असे समजते', 'असा दावा' आले की तिथे थांबायचे. हे शब्द खोटे नसतात. बातमी अजून कच्ची आहे, हे ते प्रामाणिकपणे सांगत असतात. आपण फॉरवर्ड करताना नेमके तेच शब्द गाळतो.

जहाज कोणाचे?

समुद्रावरच्या हल्ल्याची बातमी वाचताना हा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो, कारण एका जहाजाला चार-पाच देश असतात : झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या, चालवणारी कंपनी तिसऱ्या, खलाशी चौथ्या आणि माल पाचव्या देशाचा. 'एमएससी एरीज'वर झेंडा पोर्तुगालचा होता. जहाज चालवणारी एमएससी कंपनी स्वित्झर्लंडची आहे. मालकीचा धागा इस्रायली उद्योगपतीच्या झोडियाक समूहाशी जुळत होता. खलाशांत १७ भारतीय, ४ फिलिपिनो, २ पाकिस्तानी, १ रशियन आणि १ एस्टोनियन. म्हणजे 'इस्रायली जहाज पकडले' आणि 'भारतीयांना पकडले' हे दोन्ही मथळे अर्धे अर्धे खरे होते.

लाल समुद्रात १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी 'गॅलेक्सी लीडर' पळवले, तेव्हाही असेच झाले. जहाज तुर्कस्तानातून भारताकडे येत होते. हुथी म्हणाले, जहाज इस्रायली आहे. इस्रायल सरकार म्हणाले, आमचे नाही. झेंडा बहामाचा, चालवणारी कंपनी जपानी आणि मालकीचा संबंध मात्र एका इस्रायली व्यावसायिकाशी होता. पकडलेल्या २५ जणांत भारतीय कोणी नव्हते, इस्रायलीही नव्हते. ते सुटले जानेवारी २०२५ मध्ये.

६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडले. हुथींनी ते अमेरिकी जहाज असल्याचे सांगितले. जहाज पूर्वी एका अमेरिकी कंपनीकडे होते. आता तसा संबंध उरलेला नाही, असे मालकांनी सांगितले. मेले ते दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. बाकीच्या २१ जणांना भारतीय नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवले, त्यांत एक भारतीय होता. मालकांच्या नावांवर दिवसभर चर्चा होते. खलाशी बातमीत फक्त आकडा म्हणून येतो. 'मूकनायक' हे नाव ज्या समाजाच्या इतिहासात आहे, त्याने तरी हा फरक लक्षात ठेवावा : बातमीत कोण बोलतो आहे आणि कोणाच्या वतीने दुसराच बोलतो आहे?

'सुटका' म्हणजे नक्की काय?

'एमएससी एरीज'च्या बातम्यांत आणखी एक धडा आहे. १८ एप्रिलला भारतीयांपैकी एक डेक कॅडेट घरी परतली. बाकीच्यांना अडवलेले नाही, ते जाऊ शकतात, असे इराणकडून सांगितले जात होते. त्यांचे परतणे काही तांत्रिक बाबींवर आणि नोकरीच्या करारावर अवलंबून आहे, असे आपले परराष्ट्र मंत्रालय सांगत होते. मे महिन्याच्या सुरुवातीला इराणने सर्व खलाशांना मुक्त केल्याचे जाहीर केले आणि तशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात ९ मे रोजी पाच भारतीय इराणमधून निघाले.

यात कोणी सरळ खोटे बोलले, असे म्हणता येत नाही. 'परवानगी दिली', 'मुक्त केले', 'निघाले' आणि 'घरी पोचले' या चार वेगवेगळ्या घटना आहेत. मथळ्यात त्या चारही 'सुटका' होतात. युद्धबंदीचेही तसेच असते : चर्चा, प्रस्ताव, घोषणा, सही आणि प्रत्यक्ष तोफा थांबणे या पाच पायऱ्या आहेत. बातमी कोणत्या पायरीची आहे, ते आधी पाहावे.

आकडे आणि चित्रे

त्या एप्रिलच्या रात्री आपल्यावर ३०० हून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आली आणि ९९ टक्के आपण पाडली, असे इस्रायलने सांगितले. हल्ला यशस्वी झाला, असे इराणने सांगितले. दोघेही आपापल्या जनतेशी बोलत होते. पडलेल्या विमानांची आणि मारलेल्या शत्रुसैनिकांची संख्या लढणारा पक्ष नेहमी आपल्या सोयीने सांगतो. म्हणून आकड्यापुढे 'कोणाच्या मते' हे लिहिल्याशिवाय तो पुढे पाठवू नये. युक्रेनमधल्या नागरिकांच्या मृत्यूंबाबत संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय फक्त पडताळलेले आकडे देते, आणि खरी संख्या याहून जास्त असणार, हेही स्वतःच सांगते. आपल्या आकड्याची मर्यादा सांगणारा स्रोत अधिक विश्वासाचा.

व्हिडिओचे तर विचारूच नका. इस्रायलमध्ये लोक घाबरून पळत आहेत, असा एक व्हिडिओ त्या दिवसांत फिरला. तो निघाला अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सचा. धावत होते ते एका गायकाचे चाहते. 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली दृश्ये इतक्या युद्धांच्या नावाने फिरली की, ती कशी ओळखावीत याची माहिती गेम बनवणाऱ्या कंपनीलाच २०२२ मध्ये द्यावी लागली.

घरबसल्या करता येईल अशी तपासणी :

१. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. जुना असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.
२. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबर प्लेट, कपडे, हवामान पाहा. सांगितलेल्या ठिकाणाशी आणि महिन्याशी ते जुळते का?
३. तिथे आत्ता दिवस आहे की रात्र, हे घड्याळाच्या फरकावरून पाहा.
४. आवाज बंद करून पुन्हा पाहा. पार्श्वसंगीत आणि निवेदन काढले की चित्रात किती थोडे दिसते, ते कळते.
५. काहीच सापडले नाही तर 'खरे' किंवा 'खोटे' असा शिक्का मारू नका. 'माहीत नाही' हेही उत्तर आहे.

कोठे पाहावे?

अडकलेल्या भारतीयांविषयी : परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या सूचना. जहाजावरच्या माणसाविषयी : आधी ज्या कंपनीने नोकरीवर पाठवले ती, मग मुंबईतले नौवहन महानिदेशालय. समुद्रावरच्या घटनांविषयी : 'यूकेएमटीओ' ही ब्रिटिश नौदलाची यंत्रणा वेळ, ठिकाण आणि घटना एवढेच थोडक्यात देते. भारतीय नौदलाचे माहिती केंद्र गुरुग्रामला आहे. 'पीआयबी फॅक्ट चेक' केंद्र सरकारविषयीचे दावे तपासते. ती सरकारचीच शाखा आहे, हे लक्षात ठेवून वाचावे. एकच बातमी दोन्ही बाजूंच्या आणि एका तिसऱ्या देशाच्या माध्यमात वाचली, तर तिन्हींत समान असलेला भाग बहुधा घट्ट असतो.

एक इशारा नोकरी शोधणाऱ्या भावंडांसाठी. चांगल्या पगाराच्या कामाचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना रशियात नेऊन सैन्यात भरती केल्याच्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. जहाजावरची नोकरी असेल तर एजंटकडे नौवहन महानिदेशालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, ते पाहा. इतर परदेशी नोकरीसाठी ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासा. युद्धाची बातमी वाचायला शिकणे म्हणजे अशी जाहिरात वाचायला शिकणेही आहे.

'बौद्ध देश' म्हटले की

२४ जुलै २०२५ रोजी थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई पेटली. दोन्हीकडे बहुसंख्य लोक थेरवादी बौद्ध. पहिली गोळी कोणी झाडली, यावर दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध. २८ जुलैला मलेशियात युद्धबंदी झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई झाली. 'आपली बाजू कोणती?' हा प्रश्न इथे लंगडा पडतो. सीमारेषा, जुन्या मंदिरांवरचे हक्क आणि देशांतर्गत राजकारण समजून घेतल्याशिवाय या बातमीचा अर्थ लागत नाही. धर्माच्या नावावरून तो मुळीच लागत नाही.

म्यानमारचे उदाहरण अधिक टोचणारे आहे. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या रंगूनला गेले, त्याच देशात पुढे रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवरून विखार पसरला, आणि काही भिक्खूही तो पसरवणाऱ्यांत होते. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये समाजमाध्यमांच्या या भूमिकेवर बोट ठेवले. चीवर पाहून फॉरवर्ड खरा ठरत नाही. कालामांना तथागतांनी हेच सांगितले : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही मानू नका. त्या उपदेशाचा दुसरा भाग आपण विसरतो. ज्यातून लोभ, द्वेष आणि मोह वाढतो ते सोडा, असेही तिथे सांगितले आहे. मेसेज वाचून मनात काय वाढले, हीही एक तपासणीच आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि मागणी करतो चौकशीची : आधी दोष कोणाचा ते शोधा, आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे ऐकतो आहे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत आणि त्या चौघांनी पाचवा निवडून तंटा मिटवावा. ठराव बहुमताने त्याच्या विरुद्ध गेला आणि त्याने गृहत्यागाची किंमत मोजली. बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण इथे ठेवले आहे. युद्धाच्या गलक्यात 'आधी तपासू या' म्हणणारा माणूस एकटा पडतो, हे आपल्याला या कथेतून माहीत आहे.

विहारातल्या ग्रुपसाठी

प्रत्येक ग्रुपमध्ये दोघांनी तपासणीची जबाबदारी घ्यावी, शक्यतो एक ताई आणि एक दादा. युद्धाचा व्हिडिओ त्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अडकलेल्या माणसाचे नाव, फोटो किंवा फोन नंबर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नये. चुकीचे काही पाठवले गेले तर ते गुपचूप डिलीट न करता 'हे चुकीचे होते' असे त्याच ग्रुपवर लिहावे. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे आठवड्यातली एकच बातमी घेऊन दावा, दुजोरा आणि अर्थ वेगळे करून पाहावेत.

आणि ज्यांच्या घरचे माणूस तिकडे आहे, त्यांच्याकडे मेसेज पाठवण्याऐवजी कोणीतरी स्वतः जाऊन बसावे. त्यांना बातमीपेक्षा माणूस जास्त हवा असतो.

जयभीम. नमो बुद्धाय.