उपचार न्यायालये, अमली पदार्थ : स्थानिक अर्थसाहाय्य
व्यसनाधीन आरोपीला तुरुंगाऐवजी न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उपचार देणारी अमेरिकेतील न्यायालयीन व्यवस्था. पहिले असे न्यायालय १९८९ मध्ये फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे सुरू झाले. आज देशभर त्यांची संख्या ३,००० हून अधिक आहे. आरोपीची वारंवार हजेरी, लघवीची तपासणी, समुपदेशन आणि नियम मोडल्यास शिक्षा असा हा क्रम बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालतो.

१९९४ च्या गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने संघराज्याच्या अनुदानाची वाट मोकळी केली. मात्र हे अनुदान ठरावीक मुदतीचे असते आणि खर्चाचा एक हिस्सा स्थानिक पातळीवर उभारावा लागतो. मुदत संपली की समन्वयकाचा पगार, तपासणीचा खर्च आणि उपचारकेंद्रातील जागा यांचा भार काउंटीवर, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकावर, येतो. खरी अडचण इथेच आहे : खर्च काउंटी करते, पण कैदी घटल्याची बचत पुष्कळदा राज्याच्या तुरुंगखात्यात जमा होते.

मिसुरी राज्यातील जॅक्सन काउंटीने यावर स्वतःचा मार्ग काढला. तेथील मतदारांनी १९८९ मध्ये अमली पदार्थांविरुद्धच्या कामासाठी डॉलरमागे पाव सेंट विक्रीकर मंजूर केला. पोलीस, अभियोग, प्रतिबंध, उपचार आणि पुढे उपचार न्यायालय यांना त्यातून पैसा मिळतो. कराला मतदारांनी पुन्हा मुदतवाढही दिली. स्थिर उत्पन्नाचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. अलीकडे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी वेदनाशामके, बनवणाऱ्या औषध कंपन्यांशी खटल्यांत झालेल्या तडजोडींतील रकमाही काही काउंट्या या कामी वापरतात.