‘असई’ : एका लाकडी युद्धनौकेची कथा

घोडनदीचें पाणी भीमेस मिळतें आणि भीमा दौंडावरून पूर्वेकडे वाहत जाते. शिरूर काय किंवा दौंड काय, दोन्ही गांवें समुद्रापासून दूर. तरीहि शिरूरच्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या गोदींत बांधलेल्या एका युद्धनौकेशीं जोडलेला आहे. त्या नौकेचें नांव ‘असई’. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्या विजयाची आठवण म्हणून कंपनी सरकारनें अर्ध्या शतकानंतर हें नांव आपल्या नौकेस दिलें. त्या लढाईंत असलेल्या कर्नल वॉलेसचें थडगें शिरूरासच आहे.

१८५४ सालीं ‘असई’ पाण्यांत उतरली. मुंबईच्या गोदींत त्या काळीं वाडिया घराण्याची कारागिरी नांवाजलेली होती. नौकेचें सर्व अंग सागवानी. सागाच्या अंगच्या तेलामुळें लोखंडी खिळे लवकर गंजत नाहींत, म्हणून मुंबईचीं जहाजें फार टिकत. सुमारें १८०० टनांच्या या नौकेच्या दोन्ही कुशींस वाफेनें फिरणारीं प्रचंड चाकें होतीं. वारा अनुकूल असेल तेव्हां कोळसा वांचविण्यासाठीं शिडेंहि होतीं. चाकांनीं कुशींची जागा अडविल्यामुळें तोफा मात्र दहाच. तिची बहीण ‘पंजाब’ ही त्याच वर्षीं तयार झाली.

१८५६ सालीं इराणनें हेरात घेतलें आणि इंग्रजांनीं इराणशीं युद्ध पुकारलें. ‘असई’वर आरमारप्रमुख सर हेन्री लीक यांचें निशाण चढलें. १० डिसेंबर १८५६ रोजीं तोफांच्या माऱ्यापुढें बुशहर शरण आलें. या मोहिमेंत पुणें रिसाला होता, आणि त्या रिसाल्याचें ठाणें होतें शिरूर! ८ फेब्रुवारी १८५७ रोजीं खुशाब येथें या स्वारांनीं शत्रूचें एक निशाण जिंकलें. त्याच्या टोंकावरील रुपेरी हात पुढें रिसाल्याचें मानचिन्ह झाला.

याच्या पुढचा प्रसंग मात्र विचार करावयास लावणारा आहे. ४ मार्च १८५७ रोजीं पॅरिस येथें तहावर सह्या झाल्या. परंतु ही वार्ता इराणच्या आखातांत पोंचावयास कित्येक आठवडे लागावयाचे होते. २६ मार्च रोजीं ‘असई’ व तिच्या सोबतच्या नौकांनीं मोहम्मरा, म्हणजे आजचें खुर्रमशहर, येथील तटांवर मारा केला. तह होऊन बावीस दिवस लोटले होते. तरी दोन्ही बाजूंचीं माणसें पडलीं. वाफेनें प्रवास जलद केला होता, पण बातमी अजून जहाजाच्याच वेगानें चालत होती.

१८६३ सालीं हिंदी आरमार मोडण्यांत आलें. ‘असई’ व ‘पंजाब’ लंडनला विकल्या गेल्या. दोघींचीं यंत्रें व चाकें काढून त्यांचीं शिडाचीं व्यापारी जहाजें करण्यांत आलीं. लढाईसाठीं बांधलेल्या त्या ऐसपैस पोटांत आतां भरली गेली तारायंत्राची तार! १८६४ सालीं पांच जहाजांनीं वाहून आणलेली ही तार ग्वादरपासून बुशहरमार्गें फावपर्यंत समुद्राच्या तळाशीं घातली गेली. स्वतःचें यंत्र गमावलेल्या या जहाजांना ते वेळीं वाफेच्या बोटी ओढीत होत्या. १८६५ सालीं हिंदुस्थान व विलायत तारेनें जोडलीं गेलीं.

त्याच वर्षीं मुंबईहून लिव्हरपूलला जातांना आयर्लंडच्या किनाऱ्यावर, गॅली हेड नजीक, ‘असई’ फुटली. अवघें अकरा वर्षांचें आयुष्य! ‘पंजाब’ ही ‘ट्वीड’ या नांवानें १८८८ पर्यंत सागरावर वावरली, आणि तिच्या बांधणीवरून ‘कटी सार्क’ या विख्यात जहाजाचा घाट ठरविला गेला.

‘असई’नें तोफा डागून घेतलेलें बुशहर तहाप्रमाणें इंग्रजांना सोडावें लागलें. तिनें वाहून आणलेली तार मात्र ती बुडाल्यावरहि निरोप नेत राहिली. ती तार सात वर्षें आधीं असती, तर मोहम्मऱ्याचे मृत वांचले असते.