हौशी लोकांची शर्यत

मंडळी, अमेरिकेत स्नोबोर्डवर गेटमधून शर्यत खेळायला ऑलिंपिकवीर असावं लागत नाही. ही सोय कशी झाली, त्याची गोष्ट मजेशीर आहे.

१९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन या इंजिनियरने (आपल्यातलाच की!) मुलींसाठी दोन स्की जोडून 'स्नर्फर' बनवला. १९७९ च्या स्नर्फर स्पर्धेत जेक बर्टन पाय बांधता येणारी स्वतःची फळी घेऊन आला. तक्रारी झाल्या, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा खुला गट काढला. १९८२ मध्ये व्हरमाँटच्या सुइसाइड सिक्स टेकडीवर राष्ट्रीय शर्यत झाली. त्या काळी बहुतेक रिसॉर्ट स्नोबोर्डवाल्यांना लिफ्टवर बसूही देत नसत!

हौशी लोकांचं दार मात्र स्कीवाल्यांनी आधीच उघडलं होतं. १९६८ मध्ये 'स्की' मासिकाचे संपादक जॉन फ्राय यांनी गोल्फच्या हँडिकॅपवरून 'नास्टार' सुरू केलं. तिथला पेससेटर आधी उतरतो. त्याची वेळ राष्ट्रीय मापाशी जुळवलेली असते. तुम्ही त्या मापाच्या किती टक्के मागे, तो तुमचा हँडिकॅप. त्यावर वयोगटाप्रमाणे पदक. पुढे स्नोबोर्डलाही त्यात जागा मिळाली. शिवाय १९८८ पासून 'यूसासा' या संघटनेच्या प्रादेशिक स्पर्धा आहेत, त्यात आजोबांनाही गट असतो.

पण गेट लावायला माणसं, घड्याळ आणि राखीव उतार लागतो. चारच लोक आले, तर टेकडीवाले गेट गुंडाळून ठेवतात. म्हणून म्हणतो, जवळच्या टेकडीवर चौकशी करा आणि एकदा तरी उतरा. नंबर शेवटचा आला तरी गेट उभे राहतील!