बरोबरीनिर्णायक नियम, क्रीडास्पर्धांतील

क्रीडास्पर्धेत दोन वा अधिक संघांचे गुण समसमान झाले असता त्यांचा गुणतक्त्यातील क्रम ठरविण्यासाठी, किंवा बाद पद्धतीच्या स्पर्धेत अनिर्णित राहिलेल्या सामन्यातून पुढील फेरीस जाणारा संघ निवडण्यासाठी, आधीच घालून दिलेले नियम. स्पर्धेच्या नियमावलीत ही कलमे सामान्यतः शेवटी येतात व मोसम संपत येईपर्यंत त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तथापि अनेक नामांकित स्पर्धांची विजेतेपदे या कलमांनीच ठरली आहेत.

स्वरूप व प्रकार : या नियमांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात समान गुणांच्या संघांमधील परस्पर सामन्याचा निकाल पाहतात. दुसऱ्यात संपूर्ण मोसमातील कामगिरीचे मोजमाप करतात, उदा., निर्णायक विजयांची संख्या, फुटबॉलमधील गोलफरक, क्रिकेटमधील धावगती किंवा ‘क्वोशंट’. आपल्या संघाने दर गड्यामागे केलेल्या धावांना प्रतिपक्षाने दर गड्यामागे केलेल्या धावांनी भागले असता येणारी संख्या म्हणजे क्वोशंट. तिसऱ्या प्रकारात जादा वेळ, जादा षटक किंवा कबड्डीतील पाच-पाच चढाया यांसारखा अधिक खेळ खेळवून निर्णय घेतात. हे सर्व उपाय निष्फळ ठरल्यास काही स्पर्धांत नाणेफेकीचा वा सोडतीचा आश्रय घेतला जातो. प्रत्येक निकष खेळातील एखाद्या विशिष्ट गुणाला अधिक मोल देतो. त्यामुळे निकष बदलला की विजेताही बदलू शकतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील फुटबॉल लीगच्या १९२३–२४ च्या मोसमात आढळते. हडर्सफील्ड टाउन व कार्डिफ सिटी या संघांचे प्रत्येकी ५७ गुण झाले. हडर्सफील्डने ६० गोल करून ३३ स्वीकारले होते, तर कार्डिफने ६१ गोल करून ३४ स्वीकारले होते. त्या काळच्या नियमानुसार केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून गोल-सरासरी काढीत. ती हडर्सफील्डची किंचित अधिक भरल्याने विजेतेपद त्यास मिळाले. वजाबाकीने मिळणारा गोलफरक मात्र दोघांचाही २७ होता. गोलफरक व त्यानंतर केलेले गोल हा आजचा क्रम तेव्हा असता, तर कार्डिफ विजेता ठरला असता. गोल-सरासरीची पद्धत बचावात्मक खेळास उत्तेजन देते, अशी टीका होत गेली आणि १९७६–७७ पासून त्या लीगने गोलफरकाचा अवलंब केला.

परस्पर सामन्याचा निकष सर्वांत सरळ वाटतो. पण तीन संघ बरोबरीत आले की तो लंगडा पडू शकतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. २००८ मध्ये ‘बिग ट्वेल्व्ह’ या गटाच्या दक्षिण विभागात टेक्ससने ओक्लाहोमास, टेक्सस टेकने टेक्ससला आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला हरविले व तिन्ही संघ सारख्याच विजयांवर थांबले. या चक्रातून मार्ग काढण्यासाठी राष्ट्रीय क्रमवारी पाहण्यात आली व ओक्लाहोमास अंतिम सामन्याचा मान मिळाला. ओक्लाहोमास हरविलेला टेक्सस मात्र बाहेर राहिला.

रणजी करंडक स्पर्धा : भारतात या विषयाचा सर्वांत समृद्ध इतिहास १९३४–३५ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेचा आहे. अनेक दिवस चालणारा क्रिकेट सामना पुष्कळदा अनिर्णित राहतो. म्हणून पहिल्या डावातील आघाडी हा येथील मूळ निकष होय. सलग पंधरा वर्षे अजिंक्य राहिलेल्या मुंबईची परंपरा १९७३–७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने खंडित केली, ती याच आघाडीच्या बळावर. १९८१–८२ च्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने ७०५ धावांचा डोंगर उभारला, तरी दिल्लीने ८ बाद ७०७ धावा करून करंडक नेला. साखळी सामन्यांत या आघाडीचे मोल गुणांत मोजले जाते. २०२२–२३ मध्ये निर्णायक विजयास ६ गुण, डावाने वा दहा गडी राखून मिळविलेल्या विजयास आणखी १ गुण, अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्यास ३ व प्रतिपक्षास १ गुण अशी व्यवस्था होती.

त्या मोसमातील मुंबई व महाराष्ट्र यांचा शेवटचा साखळी सामना या संदर्भात उल्लेखनीय आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर तो खेळला गेला, तेव्हा महाराष्ट्राचे २५ व मुंबईचे २३ गुण होते. महाराष्ट्राने पहिल्या डावात ३८४ धावा केल्या. मुंबईचा डावही नेमका ३८४ धावांवर संपला. आघाडी कोणासच न मिळाल्याने, सामना अनिर्णित राहताच दोघांच्या पदरी एकेकच गुण पडला. दरम्यान आंध्रने आसामवर डावाने विजय मिळवून २६ गुण गाठले. सौराष्ट्र, आंध्र व महाराष्ट्र हे तिन्ही संघ २६ गुणांवर आले आणि पुढील निकषांवर सौराष्ट्र व आंध्र उपउपांत्य फेरीत गेले. महाराष्ट्राने पहिल्या डावात एक धाव अधिक केली असती, तर २८ गुणांसह तो गटात सर्वप्रथम आला असता. बरोबरीत असलेल्या या तिघांपैकी सौराष्ट्राने पुढे त्या मोसमाचा करंडक जिंकला.

२०२४–२५ मध्ये केरळने उपउपांत्य सामन्यात जम्मू-काश्मीरवर १ धावेची व उपांत्य सामन्यात गुजरातवर २ धावांची आघाडी घेऊन प्रथमच अंतिम फेरी गाठली. नागपूर येथील अंतिम सामन्यात मात्र विदर्भाने ३७९ विरुद्ध ३४२ अशी आघाडी मिळविली व सामना अनिर्णित राहिल्याने करंडक विदर्भाकडे गेला. ज्या नियमाने केरळास अंतिम फेरीत आणले, त्यानेच त्यास करंडकापासून दूर ठेवले.

मूल्यमापन : पहिल्या डावाच्या आघाडीमुळे संघ विजयाऐवजी आघाडीसाठीच खेळतात व उरलेला खेळ निरस होतो, असा आक्षेप घेतला जातो. उलट, पहिल्या दिवसापासून प्रत्येक धावेला मोल येते, असे तिचे समर्थन केले जाते. निकष खेळाच्या गाभ्याशी निगडित नसेल, तर तो लोकांना पटत नाही. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड व न्यूझीलंड यांच्या धावा मूळ डावांत व जादा षटकातही समान झाल्या; तेव्हा अधिक चौकार-षटकार मारल्याच्या आधारे इंग्लंड विजेता ठरला. या निर्णयावर सर्वत्र टीका झाली व त्याच वर्षी तो नियम बदलण्यात आला. सर्वांना सर्वकाळ न्याय्य वाटेल असा निकष आढळलेला नाही. त्यामुळे नियम पहिल्या सामन्यापूर्वी जाहीर होणे व मोसमाच्या मध्यात त्यात बदल न होणे, या दोन गोष्टींवरच त्याची विश्वासार्हता मुख्यतः अवलंबून असते.