चांदण्यातली मोजदाद

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी बुलढाणा–खामगाव रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर माणसं चढून बसतात. अंगात मळकट कपडे, अत्तर-पावडर वर्ज्य, बोलणं खुणांनी. सोबत पाणी, शिदोरी आणि एक तक्ता: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू. वैशाखात नाले आटलेले असतात, पाणी मोजक्याच जागी उरतं. म्हणजे जनावर तिथे येणारच आणि चांदण्यात दिसणारच, असा या मोजणीमागचा साधा हिशेब. रोह्यांचा कळप आला की पेन्सिल भराभर चालते. अस्वल आलं की अडखळते. हात थरथरतो ना!

या बेरजेतली खोट उघड होती. एकच बिबट्या दोन पाणवठ्यांवर पाणी प्याला तर कागदावर तो दोनदा उमटणार, आणि जो त्या रात्री आलाच नाही तो जंगलात असून नसल्यासारखा. म्हणूनच वनखातं आता या रात्रीला गणना न म्हणता ‘निसर्गानुभव’ म्हणतं.

वाघांची मोजणी वेगळ्या वाटेनं गेली. १९७२ साली देशभर वाघ मोजले गेले ते पावलांच्या ठशांवरून. ही पद्धत ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांची. धुळीच्या वाटेवर मागच्या डाव्या पावलाचा ठसा हुडकायचा, वर काच धरून त्याची रेघ उतरवायची, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. आकडा निघाला १,८२७. पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. मात्र भुसभुशीत माती आणि चिखल एकाच पावलाचे दोन आकार दाखवतात, आणि साहेबाला आकडा वाढलेला हवा असेल तर कुठला ठसा ‘नवा’ धरायचा हे ठरवणं अवघड नसतं. राजस्थानातल्या सरिस्कात कागदोपत्री वाघ होते. २००५ साली तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर मोजणी कॅमेऱ्यांकडे गेली. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याइतक्या उंचीवर कॅमेरे बांधायचे. २०१८च्या गणनेत देशभरात असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले गेले.

तरीही जुन्या पद्धतीला नुसतं हसू नये. ठसा पहाटेचा की काल रात्रीचा, हे धुळीकडे बघून सांगणारा वनमजूर आजही लागतो. कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा, हे तोच दाखवतो.

सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा १९९७ साली अभयारण्य झालं. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. शेतांच्या समुद्रातलं हे बेटच. खऱ्या बेटांवरचं सर्वेक्षण एका अर्थी सोपं, कारण हद्द समुद्रानंच आखलेली असते; पक्षी मात्र ती ओलांडतात. १९६३ ते १९६९ या काळात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेनं प्रशांत महासागरातल्या बेटांवर सुमारे अठरा लाख समुद्रपक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवल्या. पक्षी दुसऱ्या बेटावर सापडला की कडीवरचा नंबर वाचायचा.

ज्ञानगंगेच्या वाट्याला कडीऐवजी पट्टा आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या टी-१ वाघिणीचा बछडा, टी१-सी१. फेब्रुवारी २०१९मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली आणि त्याच पावसाळ्याच्या तोंडी तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत, बहुधा रात्री चालत, दिवसा नाल्याच्या झुडपांत पडून राहत, डिसेंबरच्या सुरुवातीला तो ज्ञानगंगेत पोहोचला. निघाल्यापासूनच्या नऊ महिन्यांत कॉलरच्या पाच हजारांहून अधिक नोंदी, तीन हजार किलोमीटरहून अधिक चाल! तो येईपर्यंत या जंगलात वाघ नव्हता. पौर्णिमेच्या मचाणावर कितीही जागलं तरी तो आला कुठून हे कळलं नसतं. त्याचा बराचसा प्रवास तर अभयारण्याबाहेरच्या शेतशिवारांतून झाला होता. सर्वेक्षणाचा नकाशा अभयारण्याच्या हद्दीवर थांबून भागणार नाही, हे कॉलरच्या नोंदींनी नकाशावर उमटलेल्या ठिपक्यांनी दाखवलं.

एप्रिल २०२०मध्ये कॉलर उतरवली गेली. त्याच्यासाठी वाघीण आणावी का, यावर चर्चा झाली. वाघीण आली नाही. मार्च २०२१मध्ये अजिंठ्याच्या त्याच डोंगररांगेत पश्चिमेकडे, गौताळा अभयारण्यातल्या एका कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला. गळ्यात आता काहीच नव्हतं. पट्टे ताडून पाहिले, तर तोच निघाला.