मागे ठेवावयाचे दान



ज्युबिलीच्या वर्षी मागे वळून पाहावे, देवाचे उपकार आठवावेत आणि पुढील पिढीकरिता आपण काय ठेवून जाणार याचाही विचार करावा, अशी आपल्या पवित्र ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. मुकुंदवाडीच्या आपल्या धर्मग्रामाविषयी ह्या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहेच. ज्या विषयावर वेदीवरून बोलावयास धर्मगुरूला संकोच वाटतो, असा एक विषय मी घेतो. कारण त्यात मरणाचीही गोष्ट येते आणि पैशाचीही. तो विषय म्हणजे मृत्युपत्राने चर्चला दिलेले दान व त्यातून उभा राहणारा कायम निधी.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असता एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या आजोबांनी मरतेसमयी चर्चला काही रक्कम दिली होती व तिच्या व्याजातून दरसाल नोव्हेंबर महिन्यात आपल्या आत्म्यासाठी एक मिस्सा व्हावी, असे सांगून ठेविले होते. "फादर, ती मिस्सा अजून होते का?" एवढेच त्यांस विचारावयाचे होते. मी जुन्या वह्या काढल्या. रक्कम जमेस धरल्याची नोंद सापडली. ती पुढे कोठे गेली, याची सापडली नाही. त्या आठवड्यात मी त्यांच्या आजोबांसाठी मिस्सा अर्पण केली. परंतु त्या प्रश्नाने माझी जी मान खाली गेली, तिचे मला विस्मरण झालेले नाही. दान देणाऱ्याची इच्छा हीच त्या दानाचा प्राण होय. ती सांभाळली नाही, तर पैसा राहूनही दान नाहीसे होते.

कायम निधीची कल्पना आपल्या देशास नवी नाही. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्याने भिक्षूंकरिता ३००० कार्षापणे कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. २००० एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापणे वस्त्रांसाठी मिळावयाची होती. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट होती. ह्या व्यवस्थेस 'अक्षय नीवी' असे नाव होते. विशेष हे की, हे दान नगरसभेत जाहीर करून नोंदविले गेले, असेही त्या लेखात सांगितले आहे. मुद्दल अभंग, हेतू स्पष्ट आणि नोंद उघड: निधीचे हे तीन नियम कोरून ठेवणारे हात ख्रिस्ती नव्हते, म्हणून ते नियम आपल्यास कमी बंधनकारक ठरत नाहीत.

ख्रिस्तसभेने ह्यांस आणखी एक नियम जोडला, तो म्हणजे दान मोकळ्या मनाने दिलेले असावे. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्याची कथा आहे. शेत विकण्यापूर्वी ते त्याचेच होते आणि विकल्यावर आलेला पैसाही त्याच्याच हाती होता, हे पेत्राने त्यास बजाविले. त्यास शिक्षा झाली ती कमी दिल्याबद्दल नव्हे, खोटे बोलल्याबद्दल. पुढे हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टिन यांच्यासमोर असाच प्रसंग आला. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या यानुआरियस नामक धर्मगुरूने आपल्या मुलांस वगळून सारी ठेव चर्चला लिहून दिली होती. ऑगस्टिन यांनी ती स्वीकारावयाचे नाकारले व आपल्या भाविकांस त्याचे कारण उघडपणे सांगितले. लेकरांच्या तोंडचा घास काढून वेदी सजवावी, हे त्यांस मान्य नव्हते. आईबापांस उपाशी ठेवून मंदिरास देणगी देणाऱ्यांस प्रभू येशूने जे खडसावले, त्याचाच हा धडा होता.

हा नियम आपल्याच माणसांकडून मोडला गेल्याचे उदाहरणही लपवून चालणार नाही. गोव्यात १५४१ मध्ये पवित्र श्रद्धेची बंधुसंघटना स्थापन झाली आणि तिसवाडीतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. त्या पैशातून शाळा चालली, पुष्कळ चांगले कामही झाले. तथापि ज्यांनी त्या जमिनी पूर्वी दिल्या होत्या, त्यांची इच्छा ही नव्हती. सत्तेने घेतलेल्या वस्तूस दान म्हणता येत नाही, हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे.

आता आपल्या प्रोटेस्टंट बंधूंच्या इतिहासातील एक प्रकरण पाहू. बाप्तिस्त मिशनरी विल्यम केरी यांचे नाव मराठी वाचकांस परके नाही. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश निघाला. बंगालमधील श्रीरामपूर येथे केरी, मार्शमन व वॉर्ड या तिघांनी १८०५ मध्ये असा करार केला की, कोणीही खाजगी मिळकत करू नये. छापखाना, शाळा आणि केरी यांची कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील नोकरी यांपासून जे मिळेल ते कार्यास लागावे. १८१२ मध्ये छापखाना जळाला, तेव्हा इंग्लंडातील मंडळ्यांनी सुमारे पन्नास दिवसांत दहा हजार पौंड जमविले. इतके औदार्य असूनही पुढे कलह झाला. श्रीरामपूरच्या इमारती कोणाच्या, तेथे राहणाऱ्या मिशनऱ्यांच्या की इंग्लंडमधील सोसायटीच्या, हे आरंभी सर्वांस मान्य होईल असे लिहून ठेविलेले नव्हते. १८१५ नंतर वाद वाढला, १८२७ मध्ये दोघे विभक्त झाले आणि समेट झाला तो केरी यांच्या १८३४ मधील मृत्यूनंतर, १८३७ मध्ये. केरी यांनी मात्र आपल्या मृत्युपत्रात त्या मिळकतीवरील सर्व हक्क सोडल्याचे स्पष्ट लिहिले आणि आपला वस्तुसंग्रह श्रीरामपूर कॉलेजास दिला. सज्जनांच्या हेतूंतही कागद अस्पष्ट राहिला तर बावीस वर्षे प्रेम आटते, हा त्यातील बोध आहे.

ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राकडे सरकारचा कायदाही दीर्घकाळ संशयाने पाहत असे. मरणशय्येवरील मनुष्यास धर्मगुरू भरीस घालतात, ह्या भीतीने इंग्लंडात १७३६ मध्ये निर्बंध आला. त्याची छाया आपल्याकडील १८६५ च्या वारसा कायद्यात आणि पुढे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ मध्ये उतरली. पुतण्या-भाचा, पुतणी-भाची अथवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसास धर्मादाय कार्यास मिळकत द्यावयाची असेल, तर मृत्युपत्र मरणापूर्वी निदान बारा महिने केलेले असावे आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारी सुरक्षित ठेवीत दाखल झालेले असावे, असा तो नियम होता. हिंदू व मुसलमान बांधवांस तो लागू नव्हता. केरळमधील कॅथलिक धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २१ जुलै २००३ रोजी न्यायालयाने हे कलम समतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केले.

ती बेडी गेली, हे योग्यच झाले. परंतु जो संशय कायदा पूर्वी बाळगीत होता, तो दूर ठेवण्याचे काम आता आपल्या सदसद्विवेकावर आले आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे कर्तव्य स्पष्ट सांगतो.

प्रथम चर्चचे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार दात्याची इच्छा अत्यंत काळजीपूर्वक पाळली पाहिजे; ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणी ते लागले पाहिजे; निधींमुळे आलेल्या मिस्सांची व इतर कर्तव्यांची यादी सर्वांस दिसेल अशी लावली पाहिजे; आणि भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांस दिला पाहिजे. राज्याचा १९५० चा विश्वस्त कायदाही नोंदणीकृत न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकू देत नाही. ज्या धर्मगुरूस ही बंधने जाचतात, त्याने निधी मागू नये.

आता तुमचे. मृत्युपत्र केले नाही, तर कायदा विधवेस एक-तृतीयांश व मुलांस दोन-तृतीयांश देतो. धर्मकार्याचा त्यात विचार नाही. मृत्युपत्र करावे ते धडधाकट असताना, घरच्यांस सांगून, दोन साक्षीदारांसमोर सही करून. ज्यास त्यातून काही मिळावयाचे आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. नाही तर त्याला दिलेला भाग व्यर्थ जातो. आधी पत्नी, मुले, अपंग भाऊ, विधवा बहीण यांची सोय पाहावी. त्यानंतर काही उरले, तर शंभरातील पाच असोत वा एक, ते कशासाठी द्यावयाचे हे नेमके लिहावे: अमुक मुलांची फी, अमुक मिस्सा, आजाऱ्यांची औषधे. आजारपणात मी तुमच्या उशाशी येईन तो साक्रामेंत घेऊन. कागद घेऊन येणार नाही, आणि दुसरा कोणी माझ्या नावाने आला तर त्यास परत पाठवावे.

आपल्यापैकी पुष्कळ जण चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबून घर चालवितात, हे मी जाणतो. परंतु १८९२ मध्ये घोगरगावी ह्या भागातील मिशनकार्य सुरू झाले, तेव्हा आपले पूर्वज आपल्याहून कितीतरी गरीब होते. त्यांच्यासाठी शाळा व प्रार्थनामंदिरे उभी राहिली, त्यांत ज्यांनी मराठवाडा कधी पाहिला नाही अशा दूरदेशीच्या भाविकांचे पैसे होते. त्यांची नावेही आपल्यास ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण त्यांस फेडता येत नाही. ते पुढच्यांस फेडावयाचे असते. पन्नास वर्षांनी एखादा वृद्ध गृहस्थ येऊन माझ्या जागी बसलेल्या धर्मगुरूस विचारील, "फादर, ती मिस्सा अजून होते का?" त्या धर्मगुरूस वही उघडून 'होय' म्हणता यावे, एवढीच ह्या ज्युबिलीच्या वर्षी माझी प्रभूचरणी प्रार्थना आहे.